येथेच थुंकावे

शेवटी भट्टी उलटी चालली, बाबा ताईशी बोलले, आणि तहसील कार्यालयाच्या जिन्यात माणसाच्या कमरेएवढा दगड उगवला.

आता यातलं काहीही झालेलं नाही असं समजा. शासनाने तसंच समजलेलं आहे. जिन्यातला दगड हिरव्या जाळीने झाकून त्यावर 'काम सुरू आहे' अशी पाटी लावलेली आहे. आपणही पाटीचा मान राखू आणि मागे जाऊ. तेव्हा जिन्याचा कोपरा हा फक्त कोपरा होता, इतर सरकारी कोपऱ्यांसारखा लाल होता, आणि आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती.

आमचं गाव पांढरखेडा, तालुका वणी. गावाखाली चुनखडी आहे. गावाबाहेर जे मोठे खड्डे आहेत तिथे पूर्वी चुनखडी होती. शंभर कोटी वर्षांमागे इथे उथळ समुद्र होता. म्हणजे वणीला बीच होता. माणूस नव्हता, त्यामुळे स्वच्छ होता. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि हवेतून आलेला कार्बन डायऑक्साइड यांची सूक्ष्म जिवांच्या मध्यस्थीने सोयरीक झाली आणि तळाशी पांढुरका चिखल बसत गेला. थरावर थर. वरच्याने खालच्याला दाबलं, जसं कुठल्याही कार्यालयात चालतं, आणि चिखलाचा दगड झाला. एवढीच चुनखडीची कथा. फक्त तिला वेळ फार लागतो.

या दगडावाचून जगाचं अडतं. सिमेंटमध्ये तो, पोलाद गाळताना तो, साखर पांढरी करताना तो, दात घासताना तो, कोंबडीच्या दाण्यात तो. आमच्याकडे मात्र त्याचं खरं कार्य म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून जे तयार होतं ते गालात धरायचं, आणि मग जगाकडे जरा लांबून पाहायचं. विदर्भात दोन अनोळखी माणसांची ओळख हवामानावरून होत नाही. 'चुना आहे का?' यावरून होते. आणि असला तर नाही म्हणायचं नसतं.

आमचे बाबा, दिवाकर पिंपळशेंडे, चुनाभट्टीवाले. आजोबांनी बांधलेली दगडी भट्टी, दोन मजली घराएवढी उंच, वरून चुनखडी आणि कोळसा टाकायचा, खालून चुना काढायचा. यातलं शास्त्र सोपं आहे. शंभर किलो चुनखडी तापवली की छप्पन किलो चुना उरतो. बाकीचे चव्वेचाळीस किलो म्हणजे तोच जुना कार्बन डायऑक्साइड, जो इतकी वर्षं दगडात मुक्कामाला होता. तो धुराड्यातून निघून जातो. जवळजवळ अर्धा दगड म्हणजे हवाच.

हे मला ठाऊक आहे कारण माझी ताई, श्रुतिका, हे एका मोठ्या समितीपुढे बोलली. ती पुण्यात शास्त्रज्ञ आहे. समितीने विचारलं, उदाहरण द्या. ताईने भट्टीचं उदाहरण दिलं. समितीने विचारलं, कोणाची भट्टी? ताई खोटं बोलत नाही. पुढे कार्बनबंदीचा कायदा आला आणि यवतमाळ जिल्ह्यात सगळ्यात पहिली जी भट्टी विझली ती आमची.

बाबांनी स्वतः नारळ फोडून भट्टी विझवली आणि त्या दिवसापासून ताईशी बोलणं बंद केलं. ताईनेही केलं. तेव्हापासून त्यांच्यातला सगळा व्यवहार माझ्यामार्फत चालतो. मी सव्वीस वर्षांचा आहे. लोक विचारतात, रेयांश, तू काय करतो? मी सांगतो, दळणवळणात आहे.

"रेया, सांग तुह्या ताईले, वरणात मीठ कमी आहे."

सुट्टीत आलेली ताई समोरच्या पाटावर बसलेली असायची. "रेयांश, बाबांना सांग, वरण आईने केलंय."

"आणि दोघायलेही सांग," आई आतून म्हणायची, "मीठ तिथंच ठेवलं आहे, हात लांब करा."

गेल्या मे महिन्यात ताई सुट्टी नसताना घरी आली. तिच्या मागून एक बॅटरीवरचा ट्रक येणार होता आणि तिला भट्टी हवी होती.

ताईच्या यंत्राचं नाव इंग्रजीत फार लांब आहे. गावाने त्याला उलटी भट्टी म्हटलं. बाबांची भट्टी दगडातून हवा काढायची. ताईची भट्टी हवेतून दगड काढणार होती. लागणार होत्या चार गोष्टी. एक, कॅल्शियम: ते काळ्या दगडाच्या क्रशरवर जो भुगा पडून असतो त्यात भरपूर आहे. दोन, कार्बन डायऑक्साइड: तो आपण सगळे मिळून पुरवतोच आहोत. तीन, जिवाणू: ताईने मातीतलेच घेऊन शिकवून तयार केलेले, निरुपद्रवी, दिसायला लोण्यासारखे, येताना सोबत स्टीलच्या डब्यांत आणलेले. चार, एक एन्झाइम. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरायला फार कुरकुरतो. हे एन्झाइम त्याला धक्का देऊन आत ढकलतं. स्वतः मात्र खर्च होत नाही, पुन्हा दारात उभं राहून पुढच्याला ढकलतं.

"ते नसलं तर?" मी विचारलं.

"तर दगड होईल. पण मूळच्या वेगाने."

"म्हणजे?"

"समितीला काही लाख वर्षं थांबावं लागेल."

प्रकल्पाची जागा ठरवणारी ही समिती पुढच्याच आठवड्यात येणार होती. तिच्यासमोर एका दिवसात एक घमेलंभर दगड तयार झाला तर प्रकल्प इथे, पांढरखेड्याला, आणि ताई इथे. नाही झाला तर प्रकल्प ओमानला. तिथल्या डोंगरांत असले दगड आपोआपच थोडेफार होतात, त्यामुळे तिथल्या लोकांना विश्वास आहे. ओमान म्हणजे दहा वर्षांचा करार होता. हे ताईने मला सांगितलं आणि बाबांना सांगायला सांगितलं नाही. मी तरी सांगितलं, कारण दळणवळण.

बाबा बराच वेळ खर्रा घोटत बसले.

"भट्टीच काऊन पाहिजे तिले?"

"उंच आहे. हवा खालून वर ओढते. आतून चुन्याचा लेप आहे. म्हणे अशी दुसरी नाही."

"नाहीच आहे," बाबा म्हणाले. आणि मग, "नाही देत."

तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बापाची भट्टी लेकीले नाही तं काय वटवाघळायले देता? तिथं सध्या तेच राहून रायले."

बाबांनी भट्टी दिली. एक अट घातली: भट्टीच्या तोंडाशी त्यांची खाट राहील आणि ते तिथेच बसतील. ताईनेही एक अट घातली, आणि ती तोंडी नव्हती. तिने पत्र्यावर रंगवून घेतलं आणि खाटेच्या बरोबर वर खिळ्याने ठोकलं: 'येथे थुंकू नये.'

बाबांनी ती पाटी वाचली. आयुष्यभर ज्या जमिनीवर ते थुंकले, जिथे आजोबा थुंकले, तिथे पाटी. "रेया, सांग तुह्या ताईले," ते म्हणाले, "कायदा म्हणजे कायदा." आणि त्या दिवसापासून ते खर्रा तोंडात धरून तालुक्याला जाऊ लागले.

तालुक्याला त्यांचं तसंही काम होतं. भट्टी वर्षातून एकदा, फक्त एक दिवस, पेटवू द्यावी, असा त्यांचा अर्ज तहसील कार्यालयात होता. आता सगळं घरबसल्या फोनवरून होतं. फोनवरून केल्याचा पुरावा तेवढा प्रत्यक्ष नेऊन दाखवावा लागतो. त्यामुळे जिना पूर्वीइतकाच भरलेला असतो. बाबा जिन्यात उभे राहायचे. चार लोकांशी बोलायचे. कोणी चुना मागितला की डबी पुढे करायचे. आणि सगळे मिळून कोपऱ्यात थुंकायचे. त्या कोपऱ्यावर शंकर, साईबाबा आणि मक्का यांच्या टाईल्स लावलेल्या आहेत, लोकांनी थुंकू नये म्हणून. लोक त्या टाईल्स वाचवून थुंकतात.

इकडे ताईचा ट्रक आला. एन्झाइम थंड पेटीत होतं आणि पेटी ट्रकच्या बॅटरीवर चालत होती. वणीच्या फाट्यावर एक वरात होती. डीजेची बॅटरी संपली. डीजेवाल्याने ट्रकवाल्याकडे वीज मागितली आणि ट्रकवाल्याने आनंदाने दिली, कारण गाणं त्याच्या आवडीचं होतं. ते गाणं नंतर तीनदा वाजलं. बाहेर एकोणपन्नास अंश होते. ताईने पेटी उघडली तेव्हा आत कोमट पाणी होतं, आणि त्या पाण्याला आता कोणालाही धक्का देण्यात रस नव्हता.

बेंगळुरूहून दुसरं मागवायचं तर समिती येऊन, चहा पिऊन, निघून गेल्यावर आलं असतं. तरी ताईने भट्टीत भुगा भरला, पाणी सोडलं, लोण्यासारखे जिवाणू कालवले, पंखे लावले. दुसऱ्या दिवशी आत चिखल होता. तिसऱ्या दिवशीही चिखल होता. तिसऱ्या दिवसाचा चिखल जास्त निवांत वाटत होता.

खाटेवरून बाबा सगळं पाहत होते. त्यांनी काही टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, मी तो पोचवला असता, ताईने उलट काही ऐकवलं असतं, जरा वातावरण हललं असतं. पण ते काहीच म्हणाले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "तिकडं ओमानमधात जेवायला काय भेटते?"

"भात भेटते म्हणे. मटण."

"वरण?"

"माहीत नाही."

"विचारून ठेव."

समिती येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी खिरटकरांचा फोन आला. खिरटकर तहसील कार्यालयात शिपाई आहेत आणि बाबांचे चुन्याचे जुने मित्र आहेत.

"रेयांशभाऊ, बाबाले घेऊन या. आणि ताई आली आहे म्हणते ना, तिलेही आणा. जिन्यात कायतरी होऊन रायलं."

"काय होऊन रायलं?"

"थे सांगता नाही येत. मोठं होऊन रायलं."

आम्ही तिघं एकाच गाडीतून गेलो. बाबा पुढे, ताई मागे, मी गाडी चालवत दोघांच्या वतीने गप्प.

जिन्याचा कोपरा नव्हता. कोपऱ्याच्या जागी दगड होता. खाली रुंद, वर निमुळता, तांबूस-पांढरा, थराथराचा, गुळगुळीत, जणू मेणबत्ती वितळून उलट्या दिशेने वाढली होती. शंकर आणि साईबाबा गळ्यापर्यंत आत गेले होते, पण चेहरे शाबूत होते. दगडासमोर झेंडूची फुलं, हळदकुंकू आणि फुटलेला नारळ होता.

"चार दिवसाआधी एवढुसा होता," खिरटकर म्हणाले. "मले वाटलं पोपडा आहे. काल सायबानं बदलीसाठी नवस बोलला, तवापासून लाईन लागली."

ताई गुडघ्यावर बसली. तिने नखाने दगड खरवडला, मग इकडेतिकडे पाहिलं, आणि उठून नायब तहसीलदारांच्या दारावर लटकवलेल्या लिंबू-मिरचीतलं लिंबू तोडलं. खिरटकरांनी डोळे मिटून घेतले. तिने ते लिंबू दगडावर पिळलं.

दगड फसफसला. सोड्याची बाटली उघडल्यासारखा बारीक आवाज करत पांढरे बुडबुडे आले. आम्लाला पाहून असं फसफसायचं हा चुनखडीचा जन्मजात स्वभाव आहे. दडवलेला कार्बन डायऑक्साइड ती लगेच बाहेर टाकते. वणीच्या शाळेत पाचवीला हा प्रयोग असतो.

"चुनखडी," ताई म्हणाली. तिने बोटाला लागलेली भुकटी अंगठ्याने चोळून पाहिली. मग, "रेयांश, बाबांना विचार, त्यांच्या डबीतला चुना कुठला आहे?"

बाबांनी डबी उघडून माझ्या हातात दिली. "घरचाच. स्टीलच्या डब्यात होता, फळीवर."

आमच्या घरात डब्यात पांढरं आणि मऊ दिसलं की तो चुना, हे तीन पिढ्यांचं शास्त्र आहे. दुसरं काही डब्यात ठेवण्याची आम्हाला कधी गरजच पडली नाही. ताईने जिवाणूंचा एक डबा सावलीत राहावा म्हणून घरी ठेवला होता. बाबांनी त्यातून डबी भरली होती, मूळच्या चुन्यात कालवून. आठवडाभर ते स्वतः खात होते आणि जिन्यातल्या प्रत्येक अर्जदाराला देत होते.

"यांच्या पोटात आता किल्ला बनन का?" खिरटकरांनी हळूच विचारलं. त्यांनीही रोज घेतला होता.

"नाही," ताई म्हणाली. "पोटात आम्ल असतं. लिंबाने जे झालं तेच आत होतं. ढेकर येतील."

"येऊन रायले," खिरटकर म्हणाले आणि पुष्कळ शांत झाले.

ताई पायरीवर बसली. कोपऱ्याकडे बघत राहिली. चुना होता, म्हणजे कॅल्शियम होतं. जिवाणू होते. हवेचं म्हणाल तर त्या जिन्यात दिवसभर लोक उभे राहून सुस्कारे सोडतात, कार्बन डायऑक्साइडला तोटा नाही. पण वेग? वेग कुठून आला?

मग तिने कपाळावर हात मारला, इतक्या जोरात की दर्शनाच्या रांगेतल्या एका बाईने मागून नमस्कार केला.

"थुंकी," ती म्हणाली. "माणसाच्या थुंकीत ते एन्झाइम असतंच. जन्मापासून. कार्बन डायऑक्साइडला पाण्यात ढकलणारं. मी दुसऱ्या वर्षाला शिकलेय हे. मी ते पेटीत घालून बेंगळुरूहून आणत होते."

बाबा जिन्याच्या कठड्याला टेकून उभे होते. त्यांच्या गालात खर्रा होता. ताईने त्यांच्या गालाकडे पाहिलं. तसं कोणी कोणाच्या गालाकडे पाहिलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

आम्ही तसेच परत निघालो.

भट्टीच्या तोंडाशी ताई उतरली. आत भुग्याचा चिखल होता तसाच होता. बाबा सवयीने खाटेवर जाऊन बसले, पाटीच्या बरोबर खाली. ताई त्यांच्यासमोर उभी राहिली. मी तयारीत होतो. ती माझ्याकडे पाहील, मग मी बाबांकडे वळेन, हे इतकं पाठ झालेलं होतं की माझी मान अर्धी वळलीही होती.

ती माझ्याकडे पाहतच नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "थुंका."

बाबांनी हळूच बोट वर केलं.

"रेया, सांग तुह्या ताईले, इथं बोर्ड आहे."

मी तोंड उघडलं. ताईने हात करून मला थांबवलं, खाटेवर चढली, बाबांच्या खांद्यावर एक हात ठेवून तोल सावरला आणि दुसऱ्या हाताने पाटी ओढली. खिळा निघेना. ती पुणेरी मराठीत ओढत होती. मग तिने पाय भिंतीला लावला आणि गावच्या भाषेत ओढली. "निंग ना बे," ती खिळ्याला म्हणाली, आणि पाटी खिळ्यासकट हातात आली.

"आता नाही आहे," ती म्हणाली. "थुका ना बाबा. मले नाही जा लागत ओमानले."

बाबा उठले. भट्टीच्या तोंडाशी गेले. वाकले. मग मागे वळून तिच्याकडे, थेट तिच्याकडे, पाहिलं.

"कुठं थुकू? मधात का कडेले?"

"मधात."

त्या क्षणी माझी नोकरी गेली.

एन्झाइम खर्च होत नाही, त्यामुळे थोडं पुरलं असतं. पण ताईला घमेलं भरायचं होतं आणि बाबांना आता थांबवणं शक्य नव्हतं. त्यांनी गावात निरोप धाडला. पानठेल्यावरून माणसं आली. भजनी मंडळ आलं. बचतगटाच्या बायका आल्या, आधी लाजल्या, मग त्यांनी पुरुषांना मागे टाकलं. ताईने सांगितलं की तंबाखूची अजिबात गरज नाही, नुसती थुंकी जास्त चांगली, तोंडं धुऊन या. बाबांनी हे संशोधन मान्य केलं नाही, पण लेकीसाठी ते दिवसभर बिनखर्ऱ्याचे राहिले. माझ्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं बोलणं नीट ऐकू आलं. आवाज चांगला आहे त्यांचा.

आणि ते बोलत होते. सलग. भुगा कालवता कालवता ते ताईला म्हणाले की समितीपुढे दुसऱ्या कोणाच्या भट्टीचं नाव घेता आलं असतं. ताई म्हणाली, दुसऱ्याच्या बापाचं नाव घेऊ का? बाबा म्हणाले, निदान आधी फोन करायचा. ताई म्हणाली, केला होता, आईने उचलला, तुम्ही झोपले होते. बाबा म्हणाले, मग उठवायचं. ताई म्हणाली, हो. उठवायला पाहिजे होतं. बाबांनी तिच्यापुढचा भुगा आपल्याकडे ओढून कालवायला घेतला.

सकाळी समिती आली. अध्यक्ष डॉ. अभ्यंकर, पुण्याचे, हातात पांढरा रुमाल. ताईने अख्खी प्रक्रिया त्यांना पोटतिडकीने समजावली. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे आपण असं म्हणताय," ते म्हणाले, "की या प्रकल्पाचा मुख्य कच्चा माल..."

"फुकट आहे सायब," बाबा म्हणाले. "आणि लोकायले सवय आहे."

रात्रभर बंद ठेवलेले पंखे समितीसमोर पूर्ण जोराने लावले आणि मोजणी सुरू झाली. भट्टी खालून हवा ओढू लागली, तिचा तो जुना घुमणारा आवाज आला, जो ती विझल्यापासून आम्ही ऐकला नव्हता. बाबांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि काढलाच नाही. उन्हं कलायच्या आत चिखलावर साय धरली. मग साय टणक झाली. मग कुदळ मारावी लागली. एका घमेल्याचं ठरलं होतं. आम्ही घमेली भरत गेलो, गावातली संपली, मग शेजारच्या गावातून आणली. शेवटी डॉ. अभ्यंकरांनी रुमाल खिशात ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "मी... योगदान देऊ शकतो का?"

गाव दोन्ही बाजूंना सरकलं. त्यांनी दिलं. टाळ्या वाजल्या.

प्रकल्प पांढरखेड्याला आला. ओमानहून आता माणसं शिकायला येतात आणि आई त्यांना वरण वाढते. ताईच्या टेबलावर त्या पहिल्या दिवसाच्या दगडाचा कापलेला तुकडा आहे. त्यात थर दिसतात. खालचे बारीक, फिके. मधला एक थर बोटभर जाड आहे. तो ज्या भुग्याचा आहे तो कालवताना दोघंजणं भट्टीच्या तोंडात वाकून भांडत होती, असं ताई सांगते. बोलताना श्वास जास्त सुटतो, त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, बाकी काही नाही, असंही सांगते. जुनी पत्र्याची पाटी बाबांनी खरवडून पुन्हा रंगवली आणि त्याच खिळ्यावर टांगली आहे: 'येथेच थुंकावे.'

एकच अडचण उरली आहे. आमचा दगड चुनखडी आहे असा दाखला मिळत नाही. संबंधित कार्यालयाचं म्हणणं, चुनखडी हा समुद्राच्या तळाशी तयार होणारा खडक आहे आणि पांढरखेड्याला समुद्र असल्याची कुठेही नोंद नाही. म्हणून दगड झालेलाच नाही. म्हणून जिन्यातलाही झालेला नाही. बाबांनी भट्टी पेटवण्याचा आपला जुना अर्ज मागे घेतला आहे आणि ताईबरोबर बसून, एकाच खाटेवर, नवा लिहिला आहे. तो असा:

विषय: मौजे पांढरखेडा येथील समुद्र परत मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, आमच्या गावी शंभर कोटी वर्षांमागे समुद्र होता व तो कोणतीही पूर्वसूचना न देता काढून घेण्यात आला. तरी सदर समुद्र आहे त्या स्थितीत, किनाऱ्यासह, गावाच्या नावे पुन्हा नोंदवून मिळावा. लाटा नसल्या तरी चालतील. आपल्या कार्यालयाच्या जिन्यात त्याचा काही भाग आढळून आलेला आहेच; त्यावरील जाळी काढून आपण समक्ष पाहणी करावी, येताना लिंबू आणावे. या अर्जाचे उत्तर दोन्ही अर्जदारांना, दिवाकर पिंपळशेंडे व श्रुतिका दिवाकर पिंपळशेंडे यांना, एकत्र व समोरासमोर द्यावे. मुलामार्फत निरोप पाठवू नये, ही नम्र विनंती.